रक्ताभिसरण आणि सिकलसेल : वैद्यांसाठी काही विचार

व्यानवायूच्या प्रेरणेने रसरक्ताचे संवहन अखंड चालते, हा सिद्धान्त आपणा सर्वांस परिचित आहे. हृदयातून निघालेले रक्त पुन्हा हृदयातच परतते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. प्रौढ व्यक्तीचे सुमारे ५ लिटर रक्त विश्रांतीच्या वेळी साधारणतः एका मिनिटात ही फेरी पूर्ण करते. तथापि अभिसरणाचे प्रयोजन साधते ते केशवाहिन्यांत. तेथील मार्ग कित्येकदा ७-८ मायक्रॉनच्या रक्तकणाहूनही अरुंद असतो. केवळ लवचीकपणामुळे रक्तकण दुमडून त्यातून पुढे सरकतो.

सिकलसेल आजारात नेमका हा लवचीकपणाच नष्ट होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात या आजाराचे रुग्ण आढळत असल्याने आम्हांस हा विषय महत्त्वाचा वाटतो. हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर रक्तकण ताठ व विळ्याच्या आकाराचे होतात आणि सूक्ष्म स्रोतसांत अडकतात. चरकोक्त स्रोतोदुष्टीतील ‘संग’ या कल्पनेने ही अवस्था समजून घेता येईल. मूळ कारण मात्र बीजदोषाचे आहे. निरोगी रक्तकण सुमारे १२० दिवस टिकतो, हा १० ते २० दिवसच. परिणामी पांडुता व कामला दिसतात. रक्तवह स्रोतसाचे मूळ असलेली प्लीहाही लवकर बाधित होते.

तेंदूपत्ता तोडणीच्या उन्हात किंवा धानरोवणीच्या गारठ्यात श्रम झाल्यावर तीव्र अस्थिसंधिशूल घेऊन रुग्ण येतो. त्यास लगेच आमवात ठरवून लंघन, विरेचन वा तीव्र स्वेदन देणे धोक्याचे आहे; शरीरातील द्रव घटल्यास रक्तकण अधिक अडकतात. पांडुतेत रक्तमोक्षण तर सर्वथा वर्ज्य. प्रथम सोल्युबिलिटी चाचणी व नंतर इलेक्ट्रोफोरेसिस करवून घ्यावे. ज्वर, श्वासकष्ट, उरःशूल किंवा पक्षाघाताची लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास आपण ते बंद करू नये.

औषधी विक्रेत्यांनीही केवळ फिकटपणा पाहून लोहकल्प देऊ नयेत. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णात लोहाचा अतिसंचय असू शकतो. म्हणून लोहाची कमतरता तपासणीत सिद्ध झाल्यावरच ते योजावेत.

पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. विवाहापूर्वी तपासणीचा सल्ला देऊन प्रत्येक वैद्यास या कार्यात आपला वाटा उचलता येईल.