झाडावरचे काम : तळा परिसरातील छाटणी, यंत्रे आणि मजुरी

मराठीत लाकूडतोड्या आहे, माळी आहे, माडावर चढून माडी उतरवणारा भंडारी आहे. पण मोठ्या झाडाची वाळलेली फांदी नेमकी कुठून कापावी, पोखरलेले खोड अजून किती पावसाळे उभे राहील, घरावर झुकलेला आंबा न पाडता हलका कसा करावा, हे ज्याचे काम त्याला आपल्या भाषेत नाव नाही. इंग्रजीत त्याला आर्बोरिस्ट म्हणतात. पाश्चात्त्य देशांत या कामाचे शिक्षण असते, परीक्षा आणि प्रमाणपत्रे असतात. आमच्या तळ्यात तोच माणूस 'कटरवाला' म्हणून ओळखला जातो. त्याची ओळख त्याच्या हातातल्या यंत्रावरून झाली आहे.

गेली काही वर्षे मी तळा तालुक्यातल्या या कामाकडे, त्यातल्या माणसांकडे आणि त्यांच्या हिशेबाकडे बारकाईने पाहतो आहे. कटर आला आणि झाडे गेली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. यंत्राने तोडीचा वेग वाढवला हे निर्विवाद. पण एखादे झाड तोडले जाईल की राखले जाईल, हे यंत्र ठरवत नाही. काम करणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात, यावर ते ठरते. या लेखात तोच हिशेब मांडायचा आहे.

राबाची झाडे

तळा हे तळगडाच्या पायथ्याचे गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कुडा लेण्यांच्या खाली पसरलेली मांदाडची खाडी, आणि मधल्या खाचरांत भात. या भाताने इथल्या झाडांना कित्येक पिढ्या आकार दिला. भाताचे रोप जिथे तयार करायचे, ती जमीन पेरणीपूर्वी भाजून घेण्याची पद्धत म्हणजे राब. हिवाळ्यात ऐन, किंजळ यांच्या पानांसकट फांद्या तोडायच्या, त्या वाळवायच्या, शेण, गवत, पातेरा यांच्यासह जमिनीवर पसरायच्या आणि उन्हाळ्यात पेटवायच्या. त्याने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि रोप जोमदार येते.

त्यासाठी लागणारी तोड हे कसबाचे काम होते. कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माणूस झाडावर चढे, फांद्या उतरवी आणि खोड शाबूत ठेवी. पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे पुन्हा यायचे असल्यामुळे ते मारून चालण्यासारखे नव्हते. ऐनाला फुटवे चांगले येतात. वर्षानुवर्षे छाटलेले, खांबासारखे सरळ आणि अंगभर पालवीचे ऐन कोकणात अजूनही दिसतात. वनखात्याला ही पद्धत कधी मानवली नाही. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारी एवढ्या वाढल्या की मुंबई सरकारला त्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्या कमिशनचा अहवाल १८८७ चा आहे आणि राबाचा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी होता. राबापायी झाडे खुरटतात, हा खात्याचा आक्षेप खोटा नव्हता. पण राब करणाऱ्याला झाड जिवंत हवे होते, हेही तितकेच खरे होते.

पुढे रासायनिक खते आली, तणनाशके आली, घरातली तरणी माणसे मुंबई-पनवेलला गेली. राब कमी झाला आणि त्याबरोबर दरवर्षी झाडावर चढणारा हातही कमी झाला. आंबा, फणस, शिरीष घरांच्या छपरांवर आणि विजेच्या तारांवर पसरत राहिले. ती जागा पुढे कटरने घेतली.

यंत्राची गोष्ट

आंद्रेआस स्टील याने १९२६ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये आपली कंपनी काढली. सुरुवातीच्या साखळी-करवती दोन माणसांनी धरून चालवायच्या होत्या. एका माणसाला पेलणारी पेट्रोलची करवत त्या कंपनीने १९५० मध्ये आणली. दुसरी महत्त्वाची सुधारणा अमेरिकेत झाली. ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला करवतीच्या दातांना सारखी धार लावण्याचा कंटाळा आला होता. लाकूड पोखरणारी एक अळी उभे-आडवे धागे न पाहता डावी-उजवीकडे चावत पुढे सरकते, हे त्याने निरखले आणि तिच्या जबड्यावरून साखळीचे दात घडवले. १९४७ मध्ये त्याने या साखळीचा धंदा सुरू केला. आज जगभरच्या करवतींना त्याच वळणाचे दात असतात. आपल्या आंबा बागायतदाराचा खोडकिडा हा शत्रू. त्याच जातकुळीच्या किड्याकडून माणसाने लाकूड कापण्याची विद्या घेतली.

कटरचे इंजिन दोन स्ट्रोकचे. त्यात नुसते पेट्रोल चालत नाही. ५० भागांना १ भाग, म्हणजे लिटरला २० मिली, कंपनीचे टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. साखळीसाठी वेगळे तेल वेगळ्या टाकीत असते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावते. धार आहे की गेली, हे जमिनीवर पडणाऱ्या भुशावरून कळते. जाडसर चुरा पडत असेल तर धार ठीक. पिठासारखी पूड पडू लागली की थांबून गोल कानशीने एकेक दात घासायचा. जाणता कटरवाला दिवसात अनेकदा थांबतो. नवशिक्या थांबत नाही, तो यंत्रावर जोर देतो, आणि अपघात तिथेच होतात.

सर्वांत वाईट अपघात पात्याच्या टोकाचा. टोकाचा वरचा भाग चुकून दुसऱ्या फांदीला लागला, तर सगळी करवत क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्यासाठी पुढच्या दांडीपाशी ब्रेक असतो. हाताच्या धक्क्याने तो पडतो आणि साखळी थांबते. मी पाहिलेल्या जुन्या करवतींपैकी काहींचा ब्रेक तुटला होता आणि तशाच त्या चालू होत्या. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, तरी कानाला बहुधा काही नसते. डोक्याला टॉवेल आणि पायात स्लिपर, हाच वेष. हाताला बसणाऱ्या थरथरीने काही वर्षांनी बोटे बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. हा जगभर नोंदला गेलेला व्यवसायजन्य आजार आहे. आमच्याकडे त्याला 'मुंग्या येतात' एवढेच म्हणतात.

कामाचा दिवस

टोळी साधारण चार-सहा जणांची. चढणारा, कटरवाला, खाली दोर सांभाळणारे आणि लाकूड भरणारे. चढणारा पुष्कळदा कातकरी वाडीवरचा असतो. कातकरी हे नावच खैराचा काथ काढण्यावरून पडले असे मानतात. झाडाची पारख त्यांच्याकडे पिढ्यांची आहे. आज टोळीत सर्वांत जोखमीचे काम त्यांच्याकडे आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे, अशी वाटणी आहे.

झाडाजवळ पोचल्यावर जाणता माणूस आधी यंत्र सुरू करत नाही. तो झाडाभोवती फिरतो. झुकाव कुठे, भार कुठल्या अंगाला, बुंध्याला पोकळी आहे का, वर मधाचे पोळे आहे का, तार किती लांब, हे पाहतो. पाडायचेच असेल तर ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच घेतो, मग मागून काप देतो. पण मधे लाकडाची एक पट्टी राखतो. दाराला जशी बिजागरी, तशी झाडाला ही पट्टी. ती असेल तोवर झाड ठरल्या दिशेने सावकाश कलते. ती कापली गेली की झाडाच्या मनात येईल तिकडे ते जाते.

वाहनेही बदलली. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप आणि छोटा हत्ती आले. २००५ मध्ये बाजारात आलेला हा छोटा टेम्पो वाडीच्या अरुंद वाटेनेही आत जातो, त्यामुळे पूर्वी नेणे परवडत नसे ते लाकूडही आता इंदापूरच्या रस्त्याने महामार्गाला लागते. बुंधे ओढायला जेसीबी येतो. शहरातली बादली लावलेली शिडीगाडी मात्र आमच्या चढावांवर आणि गडग्यांच्या वाटांवर येऊ शकत नाही. म्हणून वरचे काम अजून माणसाच्या पायांवर आणि कमरेच्या दोरावर आहे.

निसर्ग वादळानंतर

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, माणगाव, रोहा या पट्ट्यात छपरे उडाली, विजेचे खांब वाकले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पन्नास-साठ वर्षांचे आंबे मुळासकट उपटले. टाळेबंदीचे दिवस होते. त्या आठवड्यात रस्ते मोकळे झाले ते कटरमुळे, हे विसरता येणार नाही.

त्यानंतर जे झाले त्याचा मात्र विचार व्हायला हवा. लोक झाडाला घाबरले. घराजवळचे उभे राहिलेले झाडही पाडा, नाहीतर शेंडा उतरवा, अशी मागणी वाढली. शेंडा उतरवलेले झाड पहिली दोन वर्षे छान दिसते. भराभर फुटवे येतात. पण हे फुटवे सालीलगतच्या वरच्या थरातून आलेले असतात, मूळ फांदीसारखे लाकडात रुतलेले नसतात. ते जाड होतात आणि खाली कापलेल्या खुंटात कूज उतरत जाते. पुढच्या मोठ्या वाऱ्यात तेच फुटवे मोडतात. जी भीती घालवण्यासाठी शेंडा उतरवला, तीच काही वर्षांनी वाढून परत येते.

याचे शास्त्र अमेरिकन संशोधक अलेक्स शिगो यांनी १९७७ मध्ये मांडले. आपली जखम भरते, म्हणजे खराब झालेल्या जागी नव्या पेशी येतात. झाडाचे तसे नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती उभारते, कूज कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळे असते. या कोंडण्याची खरी ताकद त्या वळ्यात. म्हणून फांदी खोडाशी सपाट घासून कापू नये, हातभर खुंटही ठेवू नये. वळ्याच्या किंचित बाहेर कापावी. मोठी फांदी असेल तर आधी जरा पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या पुढे वरून काप, आणि भार उतरल्यावर शेवटचा काप वळ्याशी. खालचा काप चुकवला तर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. कापल्यावर लावायची बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद, चुना आणि पाणी, बुरशीला काही काळ अडवते. चुकीचा काप ती दुरुस्त करत नाही.

पैसे कशाचे?

आता हिशेबाकडे येऊ. शेतकऱ्याला झाड पाडायचे असेल तर व्यापारी येतो. कटर त्याचा, माणसे त्याची, गाडी त्याची, कागदपत्रांची धावपळही बहुधा तोच करतो. लाकूड खोक्यांना, स्वस्त फर्निचरला, वीटभट्टीला जाते. शेतकऱ्याच्या खिशातून काही जात नाही, उलट चार पैसे येतात. तेच झाड राखायचे, फक्त वाळके काढायचे आणि घरावरचा भार हलका करायचा म्हटले, तर काम दुप्पट कसबाचे आणि हाती येतात फाटी. ती वाडीवरच्या बाया मोळ्या बांधून नेतात, व्यापाऱ्याला त्यात काही नाही. म्हणजे मजुरी शेतकऱ्यानेच द्यायची. पाडण्याचे पैसे मिळतात आणि राखण्याचे द्यावे लागतात. मग सामान्य माणूस काय निवडील, हे सांगायला नको.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा आहे. साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा कायदा वेगळा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. दोन्ही कायदे आवश्यक आहेत. पण ते तोडीला अडवतात. राखणीला माणूस पुरवत नाहीत. परवानगी मिळाल्यावर काप कोण देणार, त्याला काय येते, तो पडला तर त्याच्या घरच्यांचे काय, याची व्यवस्था त्यांतून होत नाही.

हे अशक्य आहे का? नारळाच्या बाबतीत ते झाले आहे. माडावर चढणारे मिळेनासे झाले, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये 'नारळाच्या झाडाचे मित्र' ही योजना केरळात सुरू केली. तरुण मुलामुलींना यंत्राने चढायला शिकवले, झाडाची निगा आणि रोग ओळखणे शिकवले, चढण्याचे साधन दिले, विमा उतरवला. ज्या कामाकडे जातीचे आणि नाइलाजाचे म्हणून पाहिले जाई, त्याला शिक्षणाची आणि संरक्षणाची चौकट मिळाली.

तशी चौकट आंबा-ऐन-वडासाठी का नसावी? दापोलीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे आणि जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र तिथे शिकवले जाते. नगरपंचायत आणि ग्रामपंचायती पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांवर खर्च करतातच; तो पैसा किती लाकूड निघाले यावर न देता किती झाडे नीट छाटली यावर देता येईल. ठेक्यात चार अटी घालायला वेगळा कायदा लागत नाही : कापाची पद्धत, ब्रेक चालू असलेले यंत्र, चढणाऱ्याला पट्टा आणि हेल्मेट, आणि टोळीतल्या प्रत्येकाचा विमा. वाडीवरच्या चढणाऱ्याचे नाव त्या कागदावर यायला हवे. आज ते कुठल्याच कागदावर नसते.

राबाच्या काळात झाड जगले ते शेतकऱ्याच्या भूतदयेमुळे नव्हे. पुढच्या वर्षीची फांदी त्याला हवी होती म्हणून जगले. आजच्या चढणाऱ्यालाही पुढच्या वर्षी त्याच झाडापाशी मजुरीसाठी बोलावले जाणार असेल, तर तोही खोड राखूनच काप देईल.