पन्नास टक्क्यांचं भाकीत

२०२४ च्या भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. त्याच्या काही तास आधी नेट सिल्व्हर या नामांकित भाकीतकाराने तीच निवडणूक आपल्या संगणकावर ८० हजार वेळा लढवून पाहिली. त्यांतल्या ४०,०१२ वेळा कमला हॅरिस जिंकल्या. उरलेल्यांत बहुतेक वेळा डोनाल्ड ट्रम्प जिंकले, तर क्वचित बरोबरी झाली. म्हणजे हॅरिस यांची शक्यता ५०.०१५ टक्के! शेकडो जनमत चाचण्या, जुन्या निकालांचे ढीग, अर्थव्यवस्थेचे आकडे, आणि एवढ्या खटाटोपानंतर उत्तर काय, तर कोणीही जिंकू शकेल. या आकड्याची चेष्टा करणं सोपं आहे. माझ्या मते मात्र त्या आठवड्यातलं ते सर्वांत प्रामाणिक भाकीत होतं.

अटीतटीच्या लढतीत अडचण कुठे येते, हे आधी पाहू. अमेरिकेत देशभरातल्या एकूण मतांवर अध्यक्ष ठरत नाही. राज्यांना आणि राजधानीला मिळून ५३८ इलेक्टोरल मतं वाटलेली आहेत आणि २७० मिळवणारा जिंकतो. बहुतेक राज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो. कॅलिफोर्निया कुणाचं आणि अलाबामा कुणाचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २०२४ मध्ये खरा प्रश्न पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सातच राज्यांचा होता. तिथे हजारभर लोकांना विचारून कल काढायचा. गणिताप्रमाणे हजारांच्या नमुन्यात प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि दोघांमधल्या फरकात तर जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ‘४८ विरुद्ध ४७’ या बातमीला मथळ्यापलीकडे काही अर्थ नसतो.

ही झाली केवळ योगायोगाची चूक. नमुना वाढवला की ती कमी होते. दुसरी चूक नमुना वाढवून जात नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या जोरावर आल्फ्रेड लँडन जिंकणार असं छापलं. लँडन यांना ४८ पैकी दोन राज्यं मिळाली. बारा वर्षांनी चाचणीकार जॉर्ज गॅलप यांचंही तेच झालं. त्यांनी शेवटच्या दोन आठवड्यांतला कल पाहिलाच नाही. दुसरे चाचणीकार एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच, आता विचारण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून दुकान आवरलं. ‘शिकागो ट्रिब्यून’ने अध्यक्ष ट्रुमन हरल्याचा मथळा छापला आणि विजयी ट्रुमन तो अंक हातात धरून हसत उभे राहिले. ते छायाचित्र आजही प्रत्येक निवडणुकीत बाहेर निघतं.

आता टेलिफोनकडे वळू. प्यू रिसर्च सेंटरच्या टेलिफोन पाहण्यांत १९९७ मध्ये १०० पैकी ३६ जण उत्तर देत असत. २०१८ मध्ये ६. उरलेले ९४ काय विचार करतात, याचा अंदाज बांधणं हेच आजच्या चाचणीचं खरं काम आहे. २०१६ मध्ये ते फसलं. पदवीधर माणूस फोनवर बोलायला जास्त तयार असतो आणि त्या वर्षी पदवीधर हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला झुकले होते. अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणाप्रमाणे आकडे सावरलेच नव्हते. विस्कॉन्सिनमध्ये मार्क्वेट विद्यापीठाच्या नावाजलेल्या चाचणीत क्लिंटन ६ टक्क्यांनी पुढे होत्या. निकालात ट्रम्प एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेन्सिल्व्हेनिया मिळून फरक होता अवघा ७८ हजारांच्या आसपास, आणि देशभरात क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली होती.

याहून मोठा घोटाळा शक्यतेच्या हिशेबात होता. एका राज्यात चाचणी चुकली तर शेजारच्या राज्यातही ती त्याच बाजूला चुकते, कारण फोन न उचलणारा माणूस दोन्हीकडे एकाच जातकुळीचा असतो. हे ज्यांनी पुरेसं धरलं नाही, त्यांनी क्लिंटन यांना ९८-९९ टक्के देऊन टाकले. प्रिन्स्टनचे सॅम वांग यांनी ट्रम्प २४० इलेक्टोरल मतांच्या पुढे गेले तर किडा खाईन म्हटलं होतं. त्यांनी सीएनएनवर रातकिडा खाऊन शब्द पाळला. (एवढी जबाबदारी आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या पंडितांनी घेतली तर!) सिल्व्हर यांनी क्लिंटन यांना ७१ टक्के दिले होते. लोकांनी त्याचा अर्थ ‘क्लिंटन जिंकणार’ असा घेतला आणि नंतर सिल्व्हर यांनाच धारेवर धरलं. दहातून तीन वेळा घडणारी गोष्ट घडली, यात भाकीतकाराचा गुन्हा काय?

शिक्षणाची दुरुस्ती झाली, तरी २०२० मध्ये चाचण्या पुन्हा चुकल्या, आणि देशपातळीवर तर चाळीस वर्षांत सर्वांत जास्त. बायडन ८ टक्क्यांनी पुढे दिसत होते, जिंकले साडेचारने. म्हणून २०२४ मध्ये अनेकांनी ‘गेल्या वेळी कुणाला मत दिलंत?’ हे विचारून आकडे जुन्या निकालाशी जुळवून घेतले. परिणाम असा झाला की सगळ्यांचे आकडे संशय यावा इतके सारखे येऊ लागले. वेगळा आकडा आला तर तो छापायची भीती. आयोवाच्या ॲन सेल्झर यांनी ती बाळगली नाही. २०१६ आणि २०२० मध्ये आयोवात ट्रम्प यांची मोठी आघाडी त्यांनीच दाखवली होती. या वेळी त्यांनी हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे असल्याचं जाहीर केलं. ट्रम्प १३ ने जिंकले आणि वर त्यांच्यावर खटलाही भरला. चुकलेला पण जसा आला तसा छापलेला आकडा मला कळपात लपलेल्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

चाचण्यांना फाटा देणारेही होते. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांच्या ‘तेरा किल्ल्या’, म्हणजे तेरा निकष, भूकंपतज्ज्ञ व्लादिमिर कैलिस-बोरोक यांच्या मदतीने १९८१ मध्ये तयार झालेल्या. त्यांनी हॅरिस यांचा विजय सांगितला. सट्टाबाजाराचा कौल ट्रम्प यांच्याकडे होता. एका फ्रेंच सट्टेबाजाने तर ‘तुमचे शेजारी कुणाला मत देतील?’ अशी पाहणी स्वतःच्या पैशाने करून घेतली आणि तिच्या जोरावर ट्रम्प यांच्यावर पैज लावून कोट्यवधी डॉलर कमावले. तो बरोबर निघाला. पण एका निवडणुकीवरून रीत सिद्ध होत नाही.

निकालात ट्रम्प यांनी सातही राज्यं घेतली, ३१२ विरुद्ध २२६. हे ऐकून लढत एकतर्फी होती असं वाटेल. देशभरातला फरक मात्र दीड टक्का. चाचण्या नेहमीपेक्षा जास्त चुकल्या नव्हत्या, फक्त सगळीकडे एकाच दिशेला चुकल्या होत्या. आणि सिल्व्हर यांच्या त्या ८० हजार लढतींत सर्वांत जास्त वेळा उमटलेलं चित्र नेमकं हेच होतं: सातही राज्यं ट्रम्प यांना.

अध्यक्षपदासाठी पुढचं मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. तेव्हा एखाद्या टक्क्याच्या आघाडीची बातमी पाहून कुणी पैज लावायला बोलावलं, तर जाऊ नका.