मुंबईच्या डी.सी. लोकलची निवृत्ती

देशातील पहिली विद्युत रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. तिला १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश, म्हणजेच डी.सी. प्रवाह पुरविला जात असे. याच प्रवाहावर मुंबईची उपनगरी वाहतूक नऊ दशके चालली. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डी.सी. लोकल धावली.

या निवृत्तीचे कारण साध्या सूत्रात आहे. विद्युतशक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. गाडीला ३० लाख वॅट शक्ती हवी असल्यास १५०० व्होल्टला २००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टला ढोबळमानाने १२० अँपिअर पुरतो. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे डी.सी. पद्धतीत जाड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे आवश्यक ठरतात. शिवाय जुन्या लोकलमध्ये वेग वाढविताना रोधकांमध्ये बरीच वीज वाया जाई.

भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५,००० व्होल्ट ए.सी. पद्धत स्वीकारली, मुंबई परिसर मात्र डी.सी.वरच राहिला. परिणामी मुंबईहून जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना विजेचा प्रकार बदलत असल्याने इगतपुरीला इंजिन बदलावे लागे.

टोकियोने वेगळा मार्ग निवडला. तेथील अनेक उपनगरी मार्गांवर १५०० व्होल्ट डी.सी. कायम ठेवून गाड्या बदलण्यात आल्या. १९६३ च्या १०३ मालिकेतील रोधक-नियंत्रणाच्या जागी १९८१ पासून २०१ मालिकेत चॉपर-नियंत्रण आले. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत देण्याची सोयही तीत होती. टोकियो परिसरातून ही मालिकाही २०११ मध्ये निवृत्त झाली.

मुंबईत प्रवाहच बदलायचा होता, तोही लाखो प्रवाशांची वाहतूक चालू ठेवून. त्यासाठी २००७ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल आल्या. उच्च दाबाच्या तारेला पुलांखाली अधिक मोकळी जागा लागते. या अडचणीमुळेही जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला. पश्चिम रेल्वेवरील परिवर्तन २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ मध्ये आणि हार्बरवरील २०१६ मध्ये पूर्ण झाले.

एकदा निवडलेले तांत्रिक मानक बदलणे किती दीर्घ आणि खर्चिक असते, हे यातून स्पष्ट होते. पायाभूत सुविधांच्या नियोजनात आरंभीची निवड म्हणूनच निर्णायक ठरते.