गोळा आणि वाटी यांचा मेळ

उन्हाळ्याच्या दिवसांत अमेरिकेतील महामार्गांवरून जाताना कोणी मोटारीमागे नौका ओढीत सरोवराकडे निघालेला, कोणी चाकांवरचे आख्खे घरकुल घेऊन अरण्याची वाट धरलेला, तर कोणी बिऱ्हाड बदलण्याच्या निमित्ताने सारा संसार एका बंदिस्त गाड्यात भरून दुसऱ्या राज्यात चाललेला दिसतो. आणि या सर्व लवाजम्याचा भार, ओढ व दिशा ज्या एका सांध्यावर अवलंबून असतात, तो सांधा मुठीत मावेल एवढ्या पोलादी गोळ्याचा आणि त्यावर पालथ्या बसणाऱ्या वाटीचा असतो. गोळा मोटारीच्या पाठीमागे असतो, त्यास हिच बॉल म्हणतात. वाटी ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या टोकास असते, तिला कपलर म्हणतात. वाटी गोळ्यावर उतरवावी, वरची खिटी दाबून बंद करावी आणि निघावे, इतका हा व्यवहार सोपा भासतो. परंतु या सोपेपणातच त्याचा धोका दडलेला आहे.

अमेरिकेत गोळ्यांचे व्यास मुख्यतः चार प्रकारचे आढळतात. सर्वांत लहान १ ७/८ इंचाचा, म्हणजे सुमारे ४७.६ मिलिमीटरचा, तो हलक्या सामानाच्या गाड्यांना व जुन्या लहान नौकांच्या ट्रेलरांना असतो. सर्वाधिक प्रचारात असलेला २ इंचाचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. घोडे वाहून नेणारे, मोटारी लादणारे व मोठ्या फिरत्या घरांचे जड ट्रेलर २ ५/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे ५८.७ मिलिमीटरचा गोळा मागतात. आणि त्याहूनही अवजड कामासाठी ३ इंचाचा गोळा असतो. पहिल्या दोहोंतील अंतर जेमतेम ३ मिलिमीटरचे आणि दुसऱ्या-तिसऱ्यांतील ८ मिलिमीटरचे आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे संध्याकाळच्या अंधुक उजेडात, ग्रीसने माखलेल्या गोळ्याकडे पाहून त्याचे माप नुसत्या नजरेने ठरविणे कितपत भरवशाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता गोळा वाटीपेक्षा मोठा असेल तर फारशी भीती नाही. कारण वाटी पुरती खाली उतरतच नाही, खिटी मिटत नाही, आणि ती अडचण स्वतःच मालकास चूक दाखवून देते. खरी आपत्ती गोळा वाटीपेक्षा लहान असण्यात आहे. लहान बरणीवर मोठ्या बरणीचे झाकण ठेवले असता ते जसे बसल्यासारखे दिसते, तशी ही वाटी गोळ्यावर निमूटपणे बसते, पुष्कळदा खिटीही बंद होते, गाडी हलते, वळते, थांबते, आणि कित्येक मैलांपर्यंत काहीच घडत नाही; सबब चालकाची अशी खातरजमा होऊन बसते की जुळणी यथास्थित झाली आहे.

ती का झालेली नसते, हे समजण्यासाठी वाटीची अंतर्रचना लक्षात घेतली पाहिजे. वाटीचा घुमट गोळ्याच्या वरच्या भागावर टेकतो आणि त्याचा भार सोसतो; परंतु ट्रेलर वर उसळू नये याचा बंदोबस्त हा घुमट करीत नाही, तो करतो खिटीशी जोडलेला खालचा जबडा. गोळ्याचा जो सर्वांत रुंद भाग, म्हणजे त्याचे मध्यवृत्त, त्याच्या खाली जाऊन हा जबडा गोळ्यास धरतो. माप बरोबर असेल तर जबडा व गोळा यांच्यामध्ये उसळण्यास वाव राहत नाही. गोळा लहान असेल तर जबडा मिटूनही गोळ्याच्या अंगास पुरता भिडत नाही, आणि रस्त्यातील एखाद्या खाचेवर, पुलाच्या सांध्यावर किंवा रेल्वेच्या फाटकावर ट्रेलरचे तोंड वर उडाले की वाटी गोळ्यावरून अलगद निसटते.

सामानाच्या मांडणीचा या प्रश्नाशी फार निकटचा संबंध आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजेच गोळ्यावर पडावा, असा सर्वमान्य संकेत आहे. ३,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,६०० किलोग्रॅमचा ट्रेलर असेल तर हा भार ३५० ते ५२५ पौंड होतो. यासाठी सामानाचा सुमारे ६० टक्के भाग ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात ठेवावा असे सांगतात. जड वस्तू मागे लोटल्या गेल्या तर दांडा वर उचलला जाऊ पाहतो आणि मागचा ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. पुढचा भार यथायोग्य असेपर्यंत लहान गोळ्याची चूक झाकलेली राहू शकते, आणि भार मागे सरकताच तीच चूक उघडी पडते. म्हणून काल सुखरूप पोचलेला ट्रेलर आज वेगळ्या सामानानिशीही सुखरूप पोचेलच, असा दाखला देता येत नाही.

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले असेही नव्हे. एकाच २ इंचाच्या व्यासाचे गोळे निरनिराळ्या क्षमतेचे मिळतात. कोणी ३,५०० पौंड ओढण्यास पात्र असतो, तर कोणी त्याहून पुष्कळ अधिक. हा फरक गोळ्याखालच्या आटे पाडलेल्या दांडीच्या जाडीवर, म्हणजे ती ३/४ इंच, १ इंच की १ १/४ इंच आहे यावर, आणि धातूच्या प्रतीवर ठरतो. शिवाय गोळा ज्या छिद्रात बसवावयाचा ते दांडीहून १/१६ इंचापेक्षा अधिक रुंद असू नये. नाहीतर नट कितीही आवळला तरी तो ढिला पडण्याचे भय राहते. गोळा धारण करणारा मोटारीवरील सांगाडा, म्हणजे हिच, याचे वर्गही असेच वजनावर बेतलेले आहेत: पहिला वर्ग २,००० पौंडांपर्यंत, दुसरा ३,५०० पर्यंत, आणि पुढचे त्याहून जड कामासाठी. हिच, गोळा धरणारी पट्टी, गोळा, वाटी व साखळ्या यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच साऱ्या जोडणीची क्षमता समजावयाची. बाकीच्यांच्या बळावर त्या दुर्बळ घटकास जामीन राहता येत नाही.

साखळ्यांचा उल्लेख आला, तेव्हा त्यांचे कार्यही सांगितले पाहिजे. वाटी निसटलीच तर ट्रेलर रस्त्यावर स्वैर सुटू नये म्हणून दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींस छेदून मोटारीस अडकवितात. अशा तिढ्यामुळे खाली पडणारा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत तोलला जातो. जड ट्रेलरास स्वतःचे ब्रेक व जोडणी तुटल्यास ते आपोआप लावणारी तार असते. परंतु ही सर्व तजवीज अनर्थाची तीव्रता कमी करण्यासाठी आहे. चुकीच्या मापाच्या जोडणीस ती मंजुरी देत नाही.

मापांचा हा कारभार सर्वत्र एकसारखा नाही. युरोपात मोटारींसाठी ५० मिलिमीटरचा गोळा प्रमाण मानला आहे. तो अमेरिकेच्या २ इंची गोळ्याहून ०.८ मिलिमीटर लहान, म्हणजे डोळ्यांना बेमालूम सारखाच दिसणारा. देशांतर करताना एका खंडातील ट्रेलर दुसऱ्या खंडातील मोटारीमागे लावू पाहणाऱ्याने हा फरक विसरू नये. उलटपक्षी, १९४५ साली वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड येथे सुरू झालेल्या यू-हॉल या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या संस्थेच्या सामानवाहू ट्रेलरांचे कपलर हाताने फिरविण्याच्या चक्राने आवळून १ ७/८ व २ इंच या दोन्ही गोळ्यांवर बसविता येतात. अशी मुभा मुद्दाम केलेल्या रचनेनेच मिळते, आणि ती इतर कोणत्याही वाटीस आहे असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या ट्रॉल्यांना असा गोळा नसतो. तेथे ट्रॉलीच्या दांडीच्या कड्यातून उभी पिन घालतात. पद्धत निराळी असली तरी विचारावयाचा प्रश्न एकच आहे: खड्ड्यावर दांडी वर उसळली असता तिला अडविणारी वस्तू कोणती, आणि ती जागेवर आहे काय? पिनेच्या खालच्या टोकास अडकण न घालता निघालेली ट्रॉली आणि लहान गोळ्यावर निघालेला ट्रेलर यांचे दैव सारखेच.

तेव्हा प्रवासापूर्वीचा क्रम असा ठेवावा. गोळ्याच्या माथ्यावर त्याचा व्यास व क्षमता कोरलेली असते, कपलरवरही आपला अंक असतो. ते दोन्ही अंक पुसून, वाचून, एकमेकांशी ताडून पाहावेत. मग वाटी उतरवून खिटी बंद करावी, तिच्या छिद्रात सुरक्षापिन घालावी, आणि ट्रेलरच्या जॅकने दांडा थोडा वर उचलावा. त्याबरोबर मोटारीचा मागचा भाग वर आला तर जबडा धरून आहे असे समजावे, वाटी सुटली तर प्रवास तेथेच नामंजूर करावा. ही कसोटी उपयुक्त खरी, पण अंक ताडण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. कारण उभ्या गाडीत अर्धवट धरणारा जबडा धावत्या गाडीतही धरीलच असे नाही. जुना ट्रेलर विकत घेतला आणि गंजाने कपलरवरील अंक नाहीसा झालेला असेल, तर आजवर तो कोणत्या गोळ्यावर चालत होता ही आधीच्या मालकाची साक्ष प्रमाण मानू नये. गोळ्याचा व्यास कॅलिपरने मोजता येतो, झिजलेल्या वाटीचे मूळ माप तितक्या निश्चयाने मोजता येत नाही, म्हणून ती वाटीच बदलून अंक स्पष्ट असलेली नवी बसवावी आणि तिच्या मापाचा गोळा घ्यावा.