लुंगी, घुंगरू आणि गिटार

म्हैसूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दसऱ्याची जंबू सवारी, चंदनाचा साबण, मैसूरपाक आणि वृंदावन उद्यानातील कारंजी उभी राहतात. बदलीचा आदेश हाती पडला तेव्हा माझ्याही मनात हीच चित्रे होती. रॉक संगीताशी या शहराचा काही संबंध असेल, हे तर माझ्या स्वप्नीही नव्हते. रॉक म्हणजे बीटल्स, क्वीन, फार तर आपल्या मुंबईतील इंडस क्रीड, आणि ते गाणार इंग्रजीतच, अशी महाविद्यालयीन दिवसांपासूनची माझी समजूत होती.

ती समजूत मोडली आमच्या शाखेच्या जेवणाच्या मेजावर. एका तरुण सहकारी भगिनीच्या भ्रमणध्वनीवर गाणे वाजू लागले. गिटार, ढोलांचा घणाघात आणि त्यावर मोकळ्या गळ्याने म्हटलेले कन्नड शब्द. मी अर्थ विचारण्यापूर्वीच, निवृत्तीला आलेले आमचे रोखपाल डबा बाजूला सारून म्हणाले, ‘‘सर, हे शरीफसाहेबांचे पद आहे. पण शरीफसाहेबांना एवढी घाई नव्हती!’’ त्यावर ती उत्तरली, ‘‘घाई नसती तर मी ते ऐकलेच नसते, सर.’’ त्या दोघांच्या या वादात मला कन्नडचा पहिला धडा मिळाला.

शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) हे आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिशुनाळ गावचे. जन्माने मुसलमान, काही काळ शाळामास्तर, आणि गोविंद भट्ट नावाच्या ब्राह्मण गुरूंचे शिष्य. गुरूंनी आपल्या या शिष्याच्या गळ्यात जानवे घातले, अशी आख्यायिका उत्तर कर्नाटकात आजही सांगतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना वारकरी संतांच्या मांदियाळीत मानाचे स्थान देणाऱ्या मराठी वाचकाला हे नाते नव्याने समजावून सांगावे लागू नये. शरीफांची तत्त्वपदे अगदी घरगुती वस्तूंवर उभी आहेत. एका पदात छप्पर गळणारे घर आहे, दुसऱ्यात गुडगुडी, म्हणजे हुक्का. घर म्हणजे देह, आणि गुडगुडी ओढता ओढता सांगितलेली गोष्टही अखेर परमार्थाचीच.

ही दोन्ही पदे रॉकच्या रंगमंचावर नेली ती ‘रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या बँडने. रघू दीक्षित यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी आपल्या नाशिकचा, पण वाढ म्हैसूरची. घर सनातनी वळणाचे. त्यांनी भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेऊन ‘विद्वत’ पदवी मिळविली आणि म्हैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदकासह पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण केली. गिटार मात्र हाती आली ती चिडीने. मुलगा असून नाचतोस, असे एका गिटारवादक सहाध्यायाने हिणवले, तेव्हा ‘दोन महिन्यांत गिटार वाजवून दाखवितो’ अशी पैज त्यांनी मारली आणि जिंकली. कुणाला चिडविण्याचे असे फलित क्वचितच निघत असेल!

नव्वदच्या दशकाअखेर म्हैसुरात त्यांनी ‘अंतराग्नी’ हा बँड उभारला. पुढे नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये औषधकंपनीत असताना घरमालकाच्या पुढाकाराने त्यांचे गाणे ब्रुसेल्सच्या रेडिओवर पोहोचले, आणि सुरक्षित नोकरी सोडून ते मायदेशी परतले. (बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाक्य लिहितानाही किंचित धडधडते.) त्यानंतरची वर्षे सोपी नव्हती. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी वर्षानुवर्षे नकारच दिले. अखेर विशाल-शेखर या संगीतकार जोडीने स्वतःची कंपनी काढून २००८ साली त्यांचा पहिला संग्रह प्रकाशित केला. त्यात हिंदी गाण्यांच्या शेजारी शरीफांची कन्नड पदे जशीच्या तशी होती. ती गाळावीत, असे कुणाला वाटले नाही, हेच मला महत्त्वाचे वाटते.

२०१० मध्ये बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आणि २०११ मध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात हा बँड झळकला. त्याच वर्षी ‘साँगलाइन्स’ या ब्रिटिश मासिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कारही त्यांना लाभला. रघू दीक्षित रंगमंचावर येत ते रंगीत लुंगी नेसून आणि पायांत घुंगरू बांधून. ज्या नृत्यावरून हिणवले गेले, त्याचेच घुंगरू!

ही गोष्ट म्हैसुरातच का घडावी, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचे एक उत्तर राजवाड्यात सापडते. जयचामराज वडियार (१९१९–१९७४) हे येथील अखेरचे राज्यकर्ते महाराज. त्यांनी ९४ कर्नाटक कृती रचल्या, आणि तेच महाराज पाश्चात्त्य पियानोचे जाणकार होते. रशियन संगीतकार मेटनर यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या द्रव्यसाहाय्याने झाले. १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड श्ट्राउस यांच्या अखेरच्या चार गीतांचे पहिले जाहीर गायन झाले, त्यासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली होती. हमीपत्रे तपासण्यात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याने इतके सुरेल हमीपत्र अन्यत्र वाचलेले नाही. राजवाड्याच्या पदरी कर्नाटक आणि इंग्रजी असे दोन्ही वाद्यवृंद होते, आणि त्यांचा वारसा पोलिसांच्या बँडने पुढे चालविला. दोन्ही संगीते येथे शेजारी नांदली, ती मात्र आपापल्या दालनात. रघू दीक्षितांनी मधली भिंत काढली, असे फार तर म्हणता येईल.

आमच्या रोखपालांचा आक्षेप मात्र सहज निकालात काढण्याजोगा नाही. शरीफ घराघरांत पोहोचविले ते गायक-संगीतकार सी. अश्वथ यांनी, १९९० च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाने त्या पदांना नवे आयुष्य दिले. अश्वथ यांचा धीरगंभीर स्वर ऐकल्यावर मलाही वाटते की, गळक्या घराचे पद त्यांच्याच गळ्यात शोभते. त्यातील विषाद ढोलाखाली दबतो. गुडगुडीचे पद मात्र रघू दीक्षितांनी म्हणावे! त्यातील खट्याळपणा गिटारवर असा काही खुलतो की, पाय आपसूक ठेका धरतात.

या बँडच्या प्रभावाचे श्रेय मोजताना तारतम्य हवे. कबीर रॉकमध्ये आणणारा दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ त्यांच्याही आधीचा. परंतु कन्नड बोलणाऱ्या तरुणाला आपली भाषा रॉकच्या रंगमंचावर परकी वाटेनाशी झाली, यात त्यांचा वाटा मोठा. रघू यांचे धाकटे बंधू वासू दीक्षित यांचा ‘स्वरात्मा’ हा बँडही याच मातीतला. आपल्याकडे मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ तुकोबांचे अभंग गिटारवर गातो, तेव्हा श्रोत्यांत टोपीवाले आजोबा आणि जीन्समधील नातू यांच्यात हाच वाद रंगत असणार.

गेल्या आषाढात आमच्या शाखेच्या अभिलेख कक्षाचे छप्पर गळू लागले. बादल्या मांडून झाल्यावर त्या तरुण सहकारी भगिनीने गळक्या घराचे पद गुणगुणायला सुरुवात केली, अर्थातच जलद लयीत. रोखपाल खातेवह्या उचलता उचलता थांबले, हाताने लय संथ करण्याची खूण केली आणि पुढचे कडवे स्वतः म्हणू लागले. तिने ते त्यांच्या लयीत शेवटपर्यंत म्हटले. मला तोवर अर्थ समजू लागला होता. मी बादली धरली.