पांढऱ्या मातीचे छप्पर

चित्रकाराचे बालपण त्याच्या रंगांत शोधायची आपल्याला सवय आहे. घर बांधणाऱ्या गवंड्याकडे किंवा सुताराकडे मात्र आपण कलावंत म्हणून क्वचितच पाहतो; त्याच्या आराखड्यामागचे जगणे शोधणे तर दूरच. लातूर-नांदेडकडचे माळवदाचे घर त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

इथला गाव काळी आणि पांढरी या दोन शब्दांत मावतो. काळी कसायची, पांढरीवर राहायचे. घराच्या डोक्यावरही हीच पांढरी. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या-काटक्यांचा थर आणि त्यावर जाड माती. घर किती मोठे ते फुटांत नव्हे, खणांत सांगायचे. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड. त्यांत कोनाडे, कुठे धान्याचे बळद. पारा चाळीस ओलांडतो तेव्हाही आत गारवा. रात्री निजायला माळवद, दिवसा तिथेच पापड-सांडगे. वाडा असेल तर दारात ढाळज, म्हणजे परक्याला बसवायची आणि गावाची खबर घ्यायची जागा. यातली एकही गोष्ट शोभेसाठी नाही, आणि तरीही ते घर देखणे दिसते.

पण एका सवयीने घात केला. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. जुनी उतरवण्याचे कष्ट कोण घेणार? वर्षानुवर्षे छप्पर जड होत गेले. भिंतीतही उणीव होती. बाहेर दगडांची एक रांग, आत दुसरी, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही रांगांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड बहुधा नसत. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे 3:56 वाजता किल्लारीचा परिसर हादरला आणि या भिंती फुगून फुटल्या. कितीतरी घरांत खांब-तुळया तशाच उभ्या होत्या. झोपलेल्यांवर कोसळला तो दगड. सुमारे 8,000 माणसे गेली.

तेव्हापासून इथल्या माणसाचा हात दगडाकडे जाईना. दोष दगडाचा नव्हे, बांधणीचा, हे अभियंते सांगत राहिले. आणि ते खरेच होते. पण ज्याने ढिगाऱ्यातून आपले लेकरू काढले, त्याला हे कसे पटावे? त्याने हलका पत्रा निवडला, उन्हाळ्यात भाजून निघायचे पत्करले. भीतीही आराखडा काढते.

सरकारी आराखडा वेगळ्याच ठिकाणाहून आला. 52 गावांचे स्थलांतर झाले; जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. रस्ते सरळ, घरे ओळीत, एखाद्या शहरी वसाहतीसारखी. भूकंपाला ती टिकतील. पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, याचे उत्तर नकाशात नव्हते. स्थलांतर न झालेल्या गावांत मात्र मदतीचा हप्ता घेऊन घरमालकाने स्वतः गवंडी लावला. अशी दुरुस्त झालेली, बांधलेली घरे दोन लाखांच्या आसपास भरतात. माझ्या मते खरी रचना तिथे झाली, कारण निवड राहणाऱ्याची होती.

नव्या गावांतल्या लोकांनीही पुढे आपापले बदल केलेच. कुणी घरापुढे पत्र्याची छपरी ओढली, कुणी बाजूला गोठा काढला. म्हातारी माणसे त्या छपरीतच खाट टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतात. तिला ढाळज म्हणत नाहीत इतकेच.