गाडीच्या आतल्या सफाईसाठी स्टीम क्लीनर: घ्यायचा तर कोणता?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा प्रश्न सोनपेठचा. परळी रोडला गाड्या धुण्याचं छोटं सेंटर टाकायचंय, उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, आणि वाफेवर आतून गाडी साफ होते असं रीलमध्ये बघितलं. आता बचतीचे पैसे मशीनमध्ये घालायचे का? प्रश्न साधा आहे, पण पैसे कष्टाचे आहेत. म्हणून जरा नीट बघू.

वाफेची ताकद सोनपेठकरांना नवीन सांगायला नको. शेजारी परळीचं औष्णिक वीज केंद्र वाफेवरच चालतं, आणि त्याला पाणी जातं ते सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. २०१५ साली पाणी नव्हतं म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले होते. म्हणजे या भागात पाणी जपून वापरणारं मशीन ही हौस नाही, गरज आहे. पाच सीटची गाडी आतून करायला स्टीम क्लीनरला लिटर-दोन लिटर पाणी पुरतं.

आता मशीनवर लिहिलेले आकडे कसे वाचायचे ते बघू.

पहिला आकडा, बार. म्हणजे दाब. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण एक बार जादा दाब असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. चार बारला हाच आकडा १५० च्या जवळ जातो. पण लक्षात ठेवा, हे तापमान बॉयलरच्या आतलं. नळीच्या तोंडातून बाहेर पडली की वाफ लगेच थंड व्हायला लागते. गाडीच्या कामाला तीन-चार बारचं मशीन बरं. हातात धरायचं छोटं मशीन स्वतःच्या गाडीला ठीक, धंद्याला नाही.

दुसरा आकडा, वॅट. इथे दुकानदाराची परीक्षा घेता येते. उकळत्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला १५०० वॅटला साधारण २५ मिनिटं लागतात. म्हणजे सलग चालवलं तर हे मशीन मिनिटाला फार तर ४० ग्रॅम वाफ देणार. कुणी १५०० वॅटवर सलग १०० ग्रॅम सांगत असेल, तर हसून पुढच्या दुकानात जा.

आणि वीज? १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. टीव्ही-चार्जरचा ६ अँपिअरचा सॉकेट याला चालत नाही, १६ अँपिअरचा लागतो. बारीक वायरचं एक्स्टेंशन तापतं, कधी वितळतंही. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालणार नाही. लाइट गेली की काम थांबलं, हे धरूनच गिऱ्हाईकाला वेळ द्या.

तिसरी गोष्ट, टाकी. एकाच टाकीचं मशीन स्वस्त पडतं, पण पाणी संपलं की ते थंड होईपर्यंत झाकण उघडता येत नाही. घाईत उघडलं तर वाफ तोंडावर येते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट! दिवसाला एक गाडी असेल तर हे चालेल. तीन-चार गाड्या करायच्या तर पाण्याची टाकी वेगळी आणि बॉयलर वेगळा, असंच मशीन घ्या. चालू असतानाच पाणी भरता येतं.

चौथी गोष्ट, पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार बॉयलरमध्ये साचतात, जसा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसे. मशीन मरतं ते बहुतेक यानंच. कोणतं पाणी घालायचं आणि क्षार कसे काढायचे, हे माहितीपुस्तिकेत असतं. घेण्याआधी ते पान वाचा.

दुकानातली एक सोपी चाचणी सांगतो. पहिला फवारा नेहमी पाण्याचा येतो, तो बादलीत सोडा. मग जुन्या सुती फडक्यावर पाच सेकंद वाफ मारा. फडकं नुसतं दमट झालं तर मशीन बरं. पिळण्याइतकं ओलं झालं तर सीटचा स्पंज भिजणार, आणि पावसाळ्यात गाडीला कुबट वास येणार.

आता मशीन आलं समजा. तरी वाफ सगळ्यात शेवटी. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, हे शेतात चाललेल्याला माहीत आहे. सीटवर माती असताना वाफ मारली तर चिखलच होणार. आधी कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, मग वाफ, आणि लगेच मायक्रोफायबरचं फडकं. वाफ मळ सुटा करते, उचलायचं काम फडक्याचंच.

डागांचंही तसंच. बाळाचं दूध, उलटी, रक्त यांवर थेट वाफ नको. उष्णतेनं डाग पक्का होतो, आधी गार पाण्यानं पुसा. लग्नसराईतली हळद वाफेनं जात नाही, साबण लावला तर लाल होते. उन्हात मात्र ती फिकी पडते, म्हणून दारं उघडून गाडी उन्हात लावा.

कुठे वाफ मारायचीच नाही? टचस्क्रीन, बटणं, सीटखालच्या वायरी. त्यातले पिवळे कनेक्टर बहुतेक एअरबॅगचे असतात, त्यांना हातच लावू नका. छताच्या कापडाला जवळून वाफ दिली तर डिंक सुटून कापड लोंबतं. खऱ्या चामड्याच्या सीटला तर वाफ नकोच.

मग पैसे घालायचे का? माझं मत, आधी चांगला व्हॅक्यूम, ब्रश आणि फडकी घ्या. त्यावर दोन महिने काम करा. आतून सफाई मागणारं गिऱ्हाईक आठवड्याला किती येतं, ते वहीत लिहा. वही भरली तर मशीन घ्या. नाही भरली, तर तुमचे पैसे वाचले.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि झाकण गरम असताना उघडू नका!